उन्हासाठी गॉगल घेतलात, वाऱ्याचं काय?

दिवाळी उरकली की पुण्या-नाशकातून, ठाण्या-कोल्हापुरातून बाईकचे ताफे वाळवंटाकडे निघतात. अहमदाबाद गाठायचं, तिथून सांचोर-बाडमेर नाहीतर उदयपूर-जोधपूर करत पोखरण, जैसलमेर, समच्या वाळूच्या टेकड्या आणि सगळ्यात शेवटी तनोट-लोंगेवाला. काहीजण कच्छकडे वळतात आणि खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा रणातला सरळसोट रस्ता करून येतात. निघण्याआधी महिनाभर ग्रुपवर याद्या फिरत असतात. चेनला वंगण कोणतं, क्लच केबल जादा घ्यायची का, पंक्चरचं किट कोणाच्या बॅगेत, टायरात हवा किती. या लांबलचक यादीत डोळ्यांसाठी एकच शब्द असतो: गॉगल. तोही बहुतेकजण आदल्या दिवशी संध्याकाळी, मिळेल तिथून उचलतात.

मी गेली चौदा वर्षं हिवाळ्यात या वाटेने जातो आहे आणि त्या जोरावर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वाळवंटात डोळ्यांना त्रास होतो तो उन्हाचा, असं आपण धरून चालतो. म्हणून काळी काच घेतली की निर्धास्त होतो. ऊन त्रास देतंच. पण बाईकवर बसलेल्या माणसाचे डोळे आधी पकडतो तो वारा, आणि वाऱ्यासाठी आपण काहीच केलेलं नसतं.

डोळ्यावर कायम अश्रूंचा एक पातळ थर पसरलेला असतो. त्यात आत चिकटसर द्रव, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा बारीक पापुद्रा असतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून ते तेल. पापणी लवते तेव्हा हा थर नव्याने सारवला जातो, मिनिटाला साधारण पंधरा वेळा. आता ताशी 80 किलोमीटरने निघालेल्या माणसाचा हिशेब करा. सेकंदाला 22 मीटर वारा तोंडावर येतो. थरच्या वाळवंटातली हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे पाणी भराभर उडतं. त्यात सरळ रस्त्यावर नजर लावून बसलं की पापण्या लवणंही कमी होतं, आणि हे आपल्याला कळतसुद्धा नाही. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, मग त्यातून घळाघळा पाणी येतं. पाणी येतंय म्हणजे डोळे ओले आहेत असा समज करून घेऊ नका. कोरडा पडलेला डोळा जिवाच्या आकांताने पाणी सोडतो, पण ते नुसतं पाणी. त्यात तेल नसतं, म्हणून ते टिकत नाही. पुढचं सगळं धूसर दिसतं ते वेगळंच.

सातव्या-आठव्या वर्षी रामगढच्या अलीकडे मला याचा धडा मिळाला. जैसलमेर ते तनोट एकशेवीस किलोमीटर, रस्ता उत्तम, गाड्या तुरळक. थंडी ओसरली होती, म्हणून हेल्मेटची काच दोन बोटं वर केली होती. ही दोन बोटांची फट सगळ्यात वाईट. काच पूर्ण वर असली तर वारा निदान सगळीकडे पसरतो. फटीतून तो नळीतून यावा तसा थेट पापणीखाली शिरतो. समोरून लष्कराचा ट्रक गेला, मागे धुरळा उठला आणि उजव्या डोळ्यात काहीतरी खुपलं. ताशी 80 च्या वेगात दोन सेकंद डोळे मिटले की 44 मीटर रस्ता न बघता मागे जातो. मी कसाबसा थांबलो, आणि मग माणूस करतो तेच केलं. हातमोजा न काढता डोळा चोळला.

कण तेवढ्यात निघालासुद्धा. पण निघण्याआधी बुबुळावर ओरखडा उमटवून गेला. तसाच तनोटपर्यंत गेलो, तसाच परत आलो. रात्री दोनला जागा झालो तो पापणीखाली काचेचा चुरा भरल्यासारखा. उजेडाकडे बघवेना. सकाळी एका औषधाच्या दुकानात गेलो. त्यांनी लाल डोळ्यासाठी म्हणून थेंब दिले. दोन दिवसांत लाली गेली, दुखणंही कमी झालं, म्हणून घरी येईपर्यंत तेच घालत राहिलो. घरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, उलटून वाचली आणि बाजूला ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. वरून लाली उतरवत होतं आणि खाली ओरखड्यात जंतुसंसर्गाला मोकळं रान देत होतं. त्यानंतर तीन आठवडे तासातासाला औषध, गाडी बंद. बुबुळाच्या खालच्या कडेला आज एक फिकट फूल आहे. आपल्याकडे पूर्वी 'डोळ्यात फूल पडलं' म्हणायचे, ते हेच. मधोमध पडलं असतं तर त्या डोळ्याची नजर गेली असती. तरीही रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा मला आजही फाटलेला दिसतो.

म्हणून पहिलं मागणं: काच बंद ठेवा. पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्या आणि चालत्या गाडीवर काच शेवटपर्यंत खाली असू द्या. हनुवटीखालून वारा वर चढतो, तो अडवायला हेल्मेटच्या तळाशी लावायचा कापडी पडदा मिळतो, तो लावा. नसेल तर गळ्यातला मफलर हनुवटीपर्यंत नीट खोचून घ्या. पुढून उघडं हेल्मेट वापरायचंच असेल तर चेहऱ्याला चारी बाजूंनी फोमने घट्ट बसणारा रायडिंग गॉगल हवा. साधा गॉगल कडेने उघडा असतो. त्याच्यामागे वारा गिरक्या घेतो आणि धूळ आत आणून सोडतो. मागे बसणाऱ्यालाही हेच लागू आहे. 'मी काय चालवतेय थोडीच' म्हणून आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी जोधपूर ते जैसलमेर हे पावणेतीनशे किलोमीटर अर्ध्या हेल्मेटवर केले आणि पुढचे दोन दिवस खोलीत पडदे ओढून बसल्या.

पहाटे काच बंद ठेवणं अवघड जातं, हे मान्य. डिसेंबर-जानेवारीत थरची सकाळ गारठलेली असते आणि श्वासाने काचेवर वाफ धरते. त्यावर उपाय काच उघडणं नाही. काचेच्या आतून बसणारी वाफ न धरणारी जोडकाच मिळते, ती बसवा, किंवा नाकावर फडकं असं बांधा की श्वास खाली जाईल. आणि सूर्य वर येईपर्यंत अर्धा तास थांबून दुसरा चहा घेतला तर काही बिघडत नाही.

आता काळ्या काचेविषयी. काचेचा काळेपणा आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती काळी, पण अतिनील किरण न अडवणारी स्वस्त काच घातली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण एरवीपेक्षा जास्त आत जातात. गॉगलवर 'यूव्ही 400' असं लिहिलेलं हवं आणि तो भरवशाच्या चष्म्याच्या दुकानातून घेतलेला हवा. चांगल्या पॉलीकार्बोनेटची हेल्मेटची काच पारदर्शक असली तरी हे किरण बहुतांशी अडवते. ती बंद ठेवण्याचं हे आणखी एक कारण. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण वर परतवते, म्हणजे ऊन खालूनही येतं आणि टोपीची सावली पुरत नाही. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाल्लेल्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाची पातळ वेल बुबुळावर सरकत येते. उघड्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात ती तुम्ही पाहिली असेल.

गॉगल किती काळा असावा? दुपारसाठी तिसऱ्या श्रेणीचा पुरे. चौथ्या श्रेणीची काच हिमशिखरांसाठी असते, ती घालून गाडी चालवायचीच नाही. पोलराइज्ड काच चकाकी छान मारते, पण तिच्यातून काही मीटरांचे आणि फोनचे पडदे काळे दिसतात, हेल्मेटच्या काचेवर रंगीत पट्टे उमटतात. म्हणून घरीच हेल्मेट घालून, गाडीवर बसून तपासा. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तो अतिनील किरणांनी काळा होतो आणि ते हेल्मेटच्या काचेने आधीच अडवलेले असतात. आणि हेल्मेटला कायमची काळी काच बसवू नका. सम-जैसलमेरमध्ये अंधार पडला की ती काच म्हणजे डोळ्यांवर पट्टी. बाहेर पारदर्शक काच आणि आत काढता-घालता येणारा गॉगल, हीच जोडी बरी.

दिवसा डोळे झाकण्याचा फायदा रात्री मिळतो. दिवसभर झगझगीत उन्हात उघड्या डोळ्यांनी राहिलेल्या माणसाचे डोळे संध्याकाळी अंधाराला उशिरा सरावतात. आणि दिवेलागणीच्या त्याच वेळेला उंट, मेंढ्यांचे कळप, नीलगायी रस्त्यावर असतात.

चष्मेवाल्यांनी हेल्मेटमध्ये सहज शिरणाऱ्या सरळ काड्यांची फ्रेम घ्यावी, काच प्लास्टिकची असावी आणि जोडीला दुसरा चष्मा सामानात असावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना माझा आग्रह आहे की वाळवंटाचे चार दिवस चष्म्यावर काढा. लेन्स सुकते, आकसते, तिच्याखाली कण अडकला तर पापणी लवताना बुबुळ घासलं जातं. अगदीच जमणार नसेल तर रोज फेकायच्या लेन्स वापरा, आणि साध्या पाण्याने किंवा थुंकीने लेन्स कधीही धुवू नका. नळाच्या पाण्यातला एक सूक्ष्म जीव लेन्सखाली बुबुळ पोखरतो आणि तो आजार बरा व्हायला महिनोनमहिने लागतात. लेसर करून नंबर घालवलेल्यांचे डोळे काही महिने कोरडे राहतात. तेव्हा ऑपरेशन ताजं असेल तर ही सहल पुढच्या वर्षी. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्याही डोळे सुकवतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

डोळ्यात घालायला काय न्यावं? निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्या. दिवसातून चार-सहापेक्षा जास्त वेळा घालावे लागणार असतील तर परिरक्षक नसलेले, एकेका वापराच्या छोट्या नळ्यांमध्ये मिळतात ते मागा. चुरचुरायची वाट न पाहता दर थांब्यावर घाला. लाली घालवणारे थेंब वेगळे. ते शिरा आकसवतात, डोळा तेवढ्यापुरता पांढरा होतो आणि थेंब थांबवले की आणखी लाल होतो. ते नकोत. दुकानदाराने सुचवलेले कुठलेही थेंब डॉक्टरांशिवाय नकोत. मी ज्या चुकीची किंमत मोजली ती तुम्ही मोजू नका. गुलाबपाणी, मध, तूप, दूध, सुरमा यांतलं काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका, मग ते कोणीही, कितीही मायेने पुढे केलेलं असो.

आता सगळं सांभाळूनही कण गेलाच तर. ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे हाताने करता आलं पाहिजे, म्हणून जरा सावकाश सांगतो. गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, स्टँडवर लावा. हेल्मेट काढा, मोजे काढा, आधी हात धुवा. ज्याच्या डोळ्यात गेलंय त्याला बसवा आणि मान त्याच डोळ्याच्या बाजूला कलती करा, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनीने दोन्ही पापण्या हलकेच उघडून धराव्यात. सीलबंद पाण्याची बाटली घ्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे बारीक धार सोडा. थेट बुबुळावर उंचावरून ओतायचं नाही. 'वर बघ, खाली बघ, डावीकडे, उजवीकडे' असं म्हणत राहा, मध्येच पापणी मिटू द्या, पुन्हा धार सोडा. अख्खी लिटरची बाटली संपली तरी चालेल. पाणी नंतर मिळेल. तरीही वरच्या पापणीखाली खुपत असेल तर वरची पापणी केसांना धरून खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा, खालचे केस ती आतून झाडून काढतात. एवढ्यावर निघालं नाही, किंवा कण बुबुळावर रुतलेला दिसला, तर थांबा. रुमालाचं टोक, काडी, जीभ, नख, काही लावायचं नाही. काही घुसलेलंच असेल तर पाणीही मारू नका, डोळा दाबू नका. कागदी कपचा तळ डोळ्यावर उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवा आणि माणसाला चारचाकीतून दवाखान्यात न्या.

आणखी एका गोष्टीविषयी फार कमी जणांना ठाऊक असतं. थरमध्ये रस्त्याकडेला जिकडेतिकडे आक उभा असतो. आपली रुई, मारुतीला वाहतो ती. फोटोसाठी गाडी झुडपात घातली की पानं मोडतात आणि पांढरा चीक मोज्याला, बाहीला लागतो. तोच हात डोळ्याला लागला की चीक बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा करतो. गंमत वाटावी इतकं कमी दुखतं, पण काही वेळाने सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागतं. दुखत नाही म्हणून थांबू नका. बॅटरीचं अॅसिड किंवा पेट्रोल उडाल्यावर धुतो तसं, किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

हेल्मेटच्या काचेकडेही लक्ष असू द्या. धुळीने भरलेली काच कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. चार दिवसांत तिच्यावर बारीक गोल ओरखडे उठतात, दुपारी ते दिसत नाहीत आणि रात्री समोरच्या दिव्याचा स्फोट होतो. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग ओलं मऊ फडकं. पेट्रोल किंवा घरातल्या आरशाचं औषध लावू नका, पॉलीकार्बोनेट त्याने बिघडतं. निघताना एक नवी पारदर्शक काच कपड्यांत गुंडाळून सोबत घ्या.

वेळेचं गणितही डोळ्यांसाठीच मांडा. पोखरणहून जैसलमेर आणि जैसलमेरहून सम, दोन्ही रस्ते पश्चिमेला जातात. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत बुडतो आणि समचा सूर्यास्त गाठायला सगळी गर्दी साडेचार-पाचला निघते. तेव्हा ऊन डाव्या अंगाने समोरून, काचेच्या बरोबर मधोमध येतं. समोरचा खड्डा, रस्त्यावर सरकलेली वाळूची जीभ, काहीच दिसत नाही. दुपारी तीनलाच समला पोहोचा आणि निवांत बसा. भर दुपारी तापल्या डांबरावर मृगजळ दिसतं. लांबची गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि ती किती दूर आहे याचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून त्या वेळी ओव्हरटेक करताना दुप्पट मोकळी जागा सोडा. कच्छच्या रणात तर मीठच मीठ. तिथे गॉगल न घालता फोटो काढत तासभर हिंडणाऱ्यांचे डोळे रात्री लाल होतात.

मे-जूनचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. 19 मे 2016 ला फलोदीला 51 अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि त्या दिवसांत आंधी केव्हाही उठते. कधी आंधीत सापडलातच तर दिवे लावून रांगत पुढे जाऊ नका. रस्त्यापासून जमेल तितकं दूर उतरा, गाडीचे सगळे दिवे बंद करा, कारण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यामागे येऊन आदळतो. काच बंद ठेवून, वाऱ्याकडे पाठ करून, गाडीपासून लांब बसा.

आमच्या ग्रुपमध्ये आता दर साठ-सत्तर किलोमीटरला थांबतो. पेट्रोल असो-नसो. हेल्मेट काढायचं, दोन मिनिटं डोळे नुसते मिटून ठेवायचे, थेंब घालायचे, पाणी प्यायचं. पुढचा मागच्याला आणि मागचा त्याच्या मागच्याला विचारतो, 'डोळे कसे आहेत?' कोणी 'ठीक आहेत' म्हणत डोळे बारीक करून दाखवले तर त्याची गाडी दुसरा घेतो.

घरी परतल्यावर डोळा शांत झाला नाही, उजेड खुपत राहिला, चिपडं धरली, किंवा एका डोळ्याने कमी दिसतंय असं वाटलं तर तिसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुठे गेला होतात, डोळ्यात काय गेलं होतं, कोणते थेंब घातले हे सगळं सांगा. आणि ती बाटली बरोबर न्या.